भरावावरची जाळी

नावडे गावात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. लग्नाला नाही आलात तर चालतं, हळदीला नाही आलात तर लोक जन्मभर ऐकवतात. त्यातून ही कुंदनच्या धाकट्या बहिणीची, उन्नतीची हळद. अख्खा गाव जेवायला येणार, आणि मांडववाल्यानं ऐन मे महिन्यात कापड कमी आणलेलं. पंगतीची अर्धी जागा रणरणत्या उन्हात.

कुंदनची नजर घरामागच्या भरावाकडे गेली. नव्या इमारतीसाठी त्यानं तिथे दगडखाणीची बारीक भुकटी आणून टाकली होती आणि त्या ढिगावर हिरवी जाळी घट्ट बांधून घेतली होती. वारं सुटलं की ती भुकटी कुठवर जाते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण एका दिवसानं काय होतंय, असं म्हणून त्यानं कोंडिबाला हाक मारली. कोंडिबा साताऱ्याकडचा, वाशीच्या बाजारातला हमाल, भरावाला लागून असलेल्या कुंदनच्या चाळीत भाड्यानं राहणारा. मालकाच्या घरचं कार्य म्हणून खाडा करून राबत होता. त्यानं मुकाट्यानं जाळी सोडून आणली आणि पंगतीवर ताणून बांधली. सावली झकास पडली.

दुपार कलली तसं वारं उठलं. आभाळ पिवळं पडलं, पत्रावळी उडाल्या, बायका पदर तोंडाला लावून पळाल्या. उघड्या ढिगावरची भुकटी लोटच्या लोट चाळीत शिरली. कोंडिबाची बायको राहीबाई दम्याची, म्हणून हळदीला न येता खोलीत पडून होती. शेजारणीनं दार उघडलं तेव्हा तिचे ओठ काळेनिळे झाले होते.

कुंदननं हळद तशीच टाकून गाडी काढली आणि कामोठ्याच्या दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात उचलला नाही. मागोमाग आलेले गाववाले म्हणाले, मालक असावा तर असा. ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी अजून काही सांगता येत नाही म्हणून सांगितलं.

कोंडिबानं त्याला जिन्याजवळ बाजूला घेतलं.

"शेठ, जाळी म्या सोडली," तो म्हणाला. "हिचा दमा ठावं असून सोडली. शुद्धीवर आली तर तिला सांगू नगा. माझं तोंड बघायची न्हाई ती."

सोडायला मी लावली, एवढंच कुंदनला म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलंही. पण बाकावर बसलेले गाववाले इकडेच बघत होते, आणि समोरच्या माणसानं सगळा दोष गोणीसारखा आपल्याच पाठीवर घेतला होता. कुंदनच्या जिवाला हलकं वाटलं, आणि त्याचीच त्याला शिसारी आली.

"नाय सांगनार," तो म्हणाला.

बापाच्या वयाचा तो माणूस वाकून त्याच्या पाया पडला. कुंदननं पाय मागे घेतले नाहीत.