मुठीएवढे भोक

मी एक जुना तंबू आहे आणि माझ्या माथ्यावर मुठीएवढे भोक आहे. मित्रांनो, इतक्यात हसू नका. ते भोक एकदा बुजवले गेले आणि दोन माणसांचा जीव जाता जाता राहिला. तो जीव कोणी राखला, हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. सांगणार तरी कसा? आज तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

मला डोळे नाहीत. माझा सगळा कारभार स्पर्शावर आणि कानावर पडेल त्यावर चालतो. एकदा अंगाला लागलेला हात मी विसरत नाही, एवढे ध्यानात ठेवा.

ताडपत्र्या शिवणाऱ्या एका खडूस शिंप्याने मला घडवले. मी त्याच्या टेबलावर मावत नव्हतो, म्हणून गोदामाच्या फरशीवर मांडी ठोकून तो मला शिवायचा. दोऱ्याला मेण लावायचा आणि सुई ओठांत धरूनच गिऱ्हाइकांवर डाफरायचा. सगळी शिलाई संपली, आता माझी घडी होणार म्हणून मी निश्चिंत झालो, तोच त्याने कात्री घेतली आणि माझ्या माथ्यावर गोल भोक पाडले. म्हाताऱ्याचे डोके फिरले असे मला वाटले. त्याने भोकाला चामड्याची कड लावली, वर पावसापुरती कापडाची छोटी टोपी बसवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

मला विकत घेतले ते जमिनीची मोजणी करणाऱ्या एका उंच माणसाने. डाव्या हाताची त्याची करंगळी अर्धीच होती. मोजणीच्या साखळीत सापडून तुटली होती.

"नव्या मालाला भोक?" त्याने विचारले.

"थंडीतच जाणार ना तुम्ही? मग हे उघडंच ठेवायचं आणि शेगडी बाहेर," शिंपी म्हणाला. "माणूस उबेपुढे लाचार होतो. एखाद्या दिवशी तुम्हालाही मोह होईल. त्या दिवसासाठी पाडलंय ते."

मोजणीदाराने मान डोलावली आणि ती गोष्ट जन्मभर पाळली.

मित्रांनो, लोक उन्हाळ्याच्या सुट्टीत तंबू घेऊन निघतात. माझा मालक सगळे परतले की निघायचा. तळ्याकाठचे ते मैदान तेव्हा बंद असायचे. फाटकाला साखळी असायची आणि पहारेकरी कुरकुरत ती सोडायचा. "या दिवसांत इथे बदकं आणि तुम्ही," तो म्हणायचा. पण काय सांगू ते सुख! हवी ती जागा आपली. डास नाहीत, गोंगाट नाही. तळ्याच्या काठाला काचेसारखा पातळ बर्फ धरायचा आणि पहाटे बदके उतरली की तो कुरकुर मोडायचा. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून बसावे, निखाऱ्यातला बटाटा या हातातून त्या हातात टाकत सोलावा, पायांशी गरम पाण्याची पिशवी घेऊन पांघरुणात शिरावे आणि नाक तेवढे बाहेर ठेवावे. सकाळी ऊन आले की माझ्या पाठीवरचे दव सरसर घसरायचे आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

पुढे तो आपल्या मुलीलाही आणू लागला. काडीसारखी बारीक आणि बोलायला टोचरी, म्हणून तो तिला टाचणी म्हणायचा. टाचणी माझ्या उजव्या दोरीला दर वेळी अडखळायची. सगळेच अडखळायचे, पहारेकरीसुद्धा. न बघता पाय उचलून ती दोरी ओलांडणारा माणूस मला एकच माहीत आहे, तो म्हणजे मोजणीदार.

झोपण्यापूर्वी त्याची एक रीत होती. तो गुडघ्यांवर उभा राहायचा, डावा हात वर करून भोकाशी धरायचा, बाहेरचा गार वारा तळव्याला लागला की "आहे" म्हणायचा आणि मगच आडवा व्हायचा. टाचणीला वाटायचे, बाबा आळस देऊन आभाळाला काहीतरी सांगतात. तिने कधी विचारले नाही आणि त्याने कधी सांगितले नाही. ही चूक म्हणायची तर दोघांची होती. तीसुद्धा हात वर करून "आहे" म्हणू लागली. एवढ्याशा मुलीचा हात भोकापर्यंत पोचायचा नाही. तो हसायचा.

सकाळी तो बाहेरून माझ्या पाठीवर तीन थापा द्यायचा. त्याने दव झडायचे आणि मुलगी जागी व्हायची.

मग एका वर्षी तो आजारी पडला आणि घरीच, अंथरुणात वारला. मला माळ्यावर टाकले. सात वर्षे माझी कोणी आठवण काढली नाही. उंदरांनी चामड्याची कड कुरतडून खाल्ली, टोपी कुजून गळाली. शिंप्याने एवढ्या विचाराने ठेवलेले भोक आता उंदरांनी पाडल्यासारखे दिसू लागले.

टाचणी मोठी होऊन रफूचे काम करू लागली होती. तिने शिवलेले कधी उसवत नाही, असा तिचा लौकिक होता. तिने मला माळ्यावरून काढले, मांडीवर घेतले आणि रडली. मीही विरघळलो. आठवडाभर ती रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसे. एकेक फाटके तिने असे भरून काढले की मलाही सापडेना. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात प्रेमाने, तिने माझ्या माथ्यावर ठिगळ लावले.

"बाबांचा तंबू आहे. जराही वारा आत येणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

त्या क्षणी मला वाचा असती तर, मित्रांनो!

तिचा नवरा बेकरीत भट्टी सांभाळायचा. मनाने चांगला, पण थंडीला भित्रा. ऐन गारठ्यात ती दोघे तळ्याकाठी आली. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी धुके उतरले, तळे दिसेनासे झाले, बदकेही गप्प झाली. मग बर्फाची भुरभुर सुरू झाली. भट्टीवाल्याने निखाऱ्यांची शेगडी उचलली आणि आत आणली.

"अहो, बाबा ती बाहेर ठेवायचे," टाचणी म्हणाली.

"धुराला भीत असतील. याला धूर कुठाय? आणि मी रोज भट्टीपाशी उभा असतो, मला कोळसा शिकवतेस?"

बेकरीला दोन मजली धुराडे होते, हे तो विसरला. त्याने दाराच्या सगळ्या नाड्या बांधल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा आतून उबदार झालो आणि कबूल करतो, मला ते आवडले. कोळशाच्या त्या विषारी हवेला रंग नसतो, वास नसतो. ती पाय न वाजवता आली आणि बसून राहिली.

"डोकं जड झालंय हो," टाचणी म्हणाली.

"प्रवासाने. पड जरा."

तो बोलता बोलता झोपला. ती सवयीने कशीबशी गुडघ्यांवर उठली आणि तिने हात वर केला. आता तो पोचत होता. बोटे तिच्याच ठिगळाला लागली. वारा नव्हता, तरी ती "आहे" म्हणाली आणि अंथरुणावर कलंडली. त्यांचे श्वास माझ्या कापडाला लागत होते, ते लांब लांब होत गेले. मी मोजत होतो. दुसरे मी काय करणार?

तेवढ्यात बाहेरचा वारा थांबला. उजवीकडे बर्फावर पाऊल वाजले. मी दोरीला धक्का बसण्याची वाट पाहिली. धक्का बसला नाही. कोणीतरी पाय उचलून ती ओलांडली होती.

मग माझ्या माथ्यावर हात पडला. मी स्वतः गोठलेलो होतो, पण तो हात माझ्याहून गार होता. चार बोटे पूर्ण आणि करंगळी अर्धी. मला भीती वाटली, ओळख पटल्यावर जास्तच वाटली. त्या हाताने ठिगळाचे टोक शोधले आणि दोरा ओढायला सुरुवात केली. घाई नाही, हिसका नाही. जमीन मोजावी तसा टाक्यामागून टाका. ठिगळ सुटले, गार हवा आत घुसली. पाठीवर तीन थापा पडल्या.

टाचणीने डोळे उघडले. तिला उलटी आली. रांगत जाऊन तिने नाड्या सोडल्या, शेगडी लाथेने बाहेर लोटली आणि नवऱ्याला पाय धरून बर्फात ओढले. त्याचा चेहरा पिठासारखा होता. ती त्याला हलवत राहिली, हाका मारत राहिली. बऱ्याच वेळाने तो खोकला.

हाका ऐकून पहारेकरी धावत आला, उजव्या दोरीला अडखळला आणि सावरताना त्याला ठिगळ दिसले. बर्फावर नीट घडी करून ठेवलेले. बाजूला दोरा, सबंध, कुठेही न तुटलेला. माझ्या माथ्यावर गोठलेल्या दवात तळहाताचा ठसा होता. पहारेकऱ्याने आपला हात त्याच्यावर धरून पाहिला. त्याची करंगळी ठशाच्या बाहेर आली. तो दोन पावले मागे सरला.

"बाई, तुमच्याबरोबर अजून कोण होतं?"

टाचणी त्या ठशाकडे बघत राहिली. "तो आळस नव्हता तर," ती एवढेच म्हणाली.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर दुरुस्त करा, पण सुई लावण्याआधी विचारा की हे भोक कशासाठी आहे. सांगणारा घरात असेपर्यंत विचारा. आणि कितीही हुडहुडी भरली तरी पेटती शेगडी बंद जागेत नेऊ नका.

टाचणीने भोकाला नवी चामड्याची कड लावली आहे, वर टोपीही. आम्ही अजून थंडीतच जातो. शेगडी बाहेर असते आणि भट्टीवाला दोन टोप्या घालून झोपतो. त्याआधी ती गुडघ्यांवर उभी राहून हात वर धरते. कधी कधी वारा लागतच नाही. भोकावर बाहेरून कोणीतरी तळवा ठेवलेला असतो, तो मला कळतो आणि तिलाही. ती घाबरत नाही, हात तसाच धरून थांबते. मग तो तळवा हळूच बाजूला होतो, गार वारा आत येतो आणि ती म्हणते, "आहे, बाबा."