इंदूबाईंनी चाकाला तेल घातले तेव्हा

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नसणार. गाडीत बसणारे चाकाच्या आत कुठे डोकावतात? मी झिजून झिजून बिस्किटापेक्षा पातळ झालेला, तेलकट असा एक ब्रेक पॅड. सध्या कशेळ्याच्या गॅरेजबाहेर एका पत्र्याच्या डब्यात पडून आहे. पण पडून राहणे मला जमत नाही. ज्याचा सगळा जन्म धरण्यात आणि सोडण्यात गेला, त्याला स्वस्थपणा यावा तरी कुठून?

कारखान्यात कसल्या कसल्या भुकट्या आणि धातूचा कीस दाबून, भाजून मला घडवले आणि लोखंडी पट्टीवर घट्ट बसवले. माझ्या कडेला पत्र्याची एक बारीक जीभ लावली. मी फार झिजलो की ती ओरडणार, एवढेच तिचे काम.

मग मी एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या चाकात गेलो. चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरते, तिला डिस्क म्हणतात. तिच्या एका अंगाला मी आणि दुसऱ्या अंगाला माझा जोडीदार. आम्ही तिला चिमटीत धरले की चाक थांबते. या गाडीला हाताने ओढायचा दांडा नव्हता. सीटजवळ फक्त एक बटण होते. ते वर ओढले की माझ्या पाठीमागची छोटी मोटर घुर्रर्र करून मला डिस्कवर दाबायची, आणि गाडी चढावरसुद्धा उभी राहायची.

ही गाडी कळंबच्या माधवीची. ती खालापूरकडच्या एका गोदामात पाळीने कामाला जाते. तिच्या पाळीला जुळेल अशी एसटी नाही, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून चाळिशीत तिने गाडी शिकून घेतली. गावात गाडी चालवणाऱ्या बायका आणखीही होत्या, पण त्यांच्या सासवा रोज फाटकाशी उभ्या राहून "मागं बघ गं, मागं" असे ओरडत नव्हत्या. माधवीच्या सासूबाई, इंदूबाई, ओरडायच्या.

सुरुवातीला माझे कौतुक फार. माधवीचा नवरा जितेश पाहुण्यांना बटण दाखवायचा. "एका बोटानं गाडी थांबते," म्हणायचा. बोट त्याचे, घासणे माझे. पण मला त्याचे काही वाटले नाही. उतार आला की माझे अंग शिवशिवायचे. कधी एकदा धरतो असे व्हायचे.

मग मी झिजलो आणि माझी जीभ डिस्कला लागली. गाडी दहिवलीच्या वळणावर हळू झाली की चीं, घराच्या फाटकात शिरली की चीं. मी जिवाच्या आकांताने सांगत होतो, मला बदला, मी संपत आलोय. "खडा अडकला आसल," जितेश म्हणाला. "रविवारी दाखवते," माधवी म्हणाली, आणि प्रत्येक रविवारी काहीतरी निघाले. शेजारच्या विमलबाई तर मोठ्याने म्हणायच्या, "आली वाटतं माधवीची गाडी, रडत रडत."

इंदूबाईंना ते लागले. त्यांच्या घरात कुरकुरणारे काहीही फार दिवस कुरकुरत नाही. दाराची बिजागरी असो, पाळण्याची कडी असो, ज्याने आवाज केला त्याला तेल. एका दुपारी त्या शिलाई मशीनच्या तेलाची चोचवाली बाटली घेऊन आल्या, चाकाजवळ उकिडव्या बसल्या आणि फटीतून चोच आत घातली. "घे बाबा, तू बी घे," त्या म्हणाल्या. "पोरीला हसतात रं सगळी." मग पलीकडच्या चाकालाही घातले.

मित्रांनो, त्यांच्या हातात माया होती, ते मला कळत होते. पण माझे सगळे काम घासण्यावर चालते. मी तेल प्यायलो आणि आतून बुळबुळीत झालो.

दुसऱ्या दिवशी चीं बंद. इंदूबाई मनातल्या मनात खूश, कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या चाकांचे ब्रेक चांगले होते, म्हणून रस्त्यात माधवीला काही कळले नाही. संध्याकाळी ती परत आली. त्यांचे अंगण चढाचे. तिने गाडी वर चढवली, बटण ओढले, गियर काढून बंद केली आणि पिशवी घेऊन उतरली. मोटरने मला दाबले. मी धरले, पण डिस्क हातातल्या माशासारखी सुटू लागली. गाडी मागे निघाली.

खाली इंदूबाई वाल निवडत बसल्या होत्या.

"आई, उठा," माधवी किंचाळली. इंदूबाई सुपासकट बाजूला झाल्या. गाडी वालांवरून गेली आणि पेंढ्याच्या गंजीत घुसून थांबली.

"बटण ओढलं होतंस का?" जितेशने विचारले.

"ओढलं होतं."

"मग गाडी काय आपली आपण चालली?"

त्या प्रश्नाने माधवीलाच शंका आली. सकाळी ती सासूला म्हणाली, "आई, मी ओढलं होतं ना हो?" इंदूबाई खाली बघून फुटलेले वाल वेचत राहिल्या.

जितेशने ठरवूनच टाकले. "गाडी इकू. जीपनं जा."

"जीपनं पाळी नाय गाठत. नोकरी जाईल."

"माणूस गेलं आसतं."

मी चाकात तडफडत होतो. खरे काय ते मला ठाऊक होते, आणि ओरडायला दिलेली एकुलती एक जीभ, तिलाही तेल पाजलेले.

विकण्याआधी गाडी एकदा दाखवावी म्हणून कशेळ्याहून गजा मेकॅनिक आला. "आधी चाकांना दगड लावा," तो म्हणाला, "आता मी बटणाचा हँडब्रेक सोडवणार." त्याने गाडीला एक मोबाईलएवढे यंत्र जोडले. मोटर मागे सरकली, माझी पाठ मोकळी झाली.

"जुन्या गाडीत पॅडला ढकलणारा पिस्टन सरळ आत दाबायचा," गजा म्हणाला. "हितं मोटर मागं न घेता दाबला की तिचे दात मोडतात."

"तुला कसं म्हाईत?" जितेशने विचारले.

"एकाचे मोडले."

"मग?"

"मग तो आता दुसऱ्याकडं जातो."

त्याने मला बाहेर काढून नाकाशी धरले. "वहिनी, हे पॅड तळलेत का काय? ब्रेकचं तेल तर कुठं गळत नाय. हे बाहेरनं आलंय."

जितेशने माधवीकडे पाहिले. तिने नाही म्हणून मान हलवली, पण तिच्या मानेत जोर नव्हता. इंदूबाई गप्प राहिल्या असत्या तर हेही तिच्याच माथी गेले असते. मी फरशीवर त्यांच्याकडे तोंड करून पडलो होतो. बोला हो, असे मला झाले.

"मी घातलं," इंदूबाई म्हणाल्या. "मशीनचं. गाडी रडत व्हती म्हणून." मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "आन तिनं बटण ओढलं व्हतं, जितेश. घुर्रर्र झालेलं मी आयकलं. भ्याले मी, म्हणून नाय बोलले."

माधवी पायरीवर बसली. "म्हणजे मी ओढलं होतं," ती स्वतःशीच म्हणाली, आपल्या बोटाकडे बघत.

गजाने डिस्क धुऊन काढल्या. दोन्ही चाकांत नवे पॅड बसवले, पिस्टन दाबला, मोटर परत जागेवर आणली आणि माधवीला पायाचा ब्रेक कडक होईपर्यंत दाबायला लावला. मग म्हणाला, "चढावर घ्या. बटण ओढा आन खाली उतरा. दगड मी धरून हाय."

तिचा हात बटणाशी अडखळला. तेवढ्यात इंदूबाईंनी शेजारचे दार उघडले आणि पदर सावरून आत बसल्या.

"आई, तुमी उतरा."

"मी कशाला उतरू? उतर तू."

माधवीने बटण ओढले. घुर्रर्र झाले. ती उतरली, दार लावले आणि दोन पावले लांब उभी राहिली. जितेश गाडीमागे हात लावून उभा होता. इंदूबाईंनी आरशात त्याला बघितले.

"मागं काय उभा रं? बाजूला हो," त्या म्हणाल्या. "तिनं ओढलंय."

तो बाजूला झाला. गाडी जागची हलली नाही.

मित्रांनो, माझी जागा आता दुसऱ्याने घेतली. तशी ती घ्यायचीच असते. विनंती एकच आहे. घरात काही ओरडायला लागले, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याला गप्प करण्याच्या आधी ते काय सांगते आहे ते विचारा. आणि ब्रेकला तेल घालू नका, कितीही माया आली तरी.