कुलपातली वीस पानं

मी एक जुनं कपाट आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव चिडका आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोडगोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असते. ती माझ्याकडून पुरी व्हायची नाही. माझी हकिकत ऐकलीत तर तुम्हीही चिडाल.

कोकणात वालावलवरून खाडीच्या काठाकाठाने पुढे गेलं की आमचा गाव लागतो. तिथल्या गंगाराम मेस्त्रीने मला १९५४ साली घडवलं. देवळाच्या आवारातला फणस वादळात आडवा झाला होता, त्याचा मी. मेस्त्री तोंडाने फटकळ, पण हात सोन्याचा. मला चार खण, दोन दारं आणि सगळ्यात वर एक छोटा कुलपाचा खण. ग्रामदेवतेच्या देवळाला लागून धर्मशाळा आहे, तिच्या भिंतीशी मला उभं केलं आणि माझ्या कपाळावर पाटी ठोकली, 'मोफत वाचनालय'. त्या दिवशी मी असा काही ताठलो की माझी दारंच लागेनात!

निवृत्त मास्तर दाजी हे आमचे ग्रंथपाल. मुंबईचे चाकरमानी मे महिन्यात गावी आले की पुस्तकं आणत. दाजी ती पुस्तकं खाकी कव्हर घालून माझ्यात मांडून ठेवत. पुरुष मंडळी येत, पुस्तक नेत आणि बहुधा उशाला घेऊन झोपत. खरी वाचक आली ती आनंदी.

आनंदीचा नवरा गलबतावर खलाशी, आठ आठ महिने बाहेर. ती सातवी शिकलेली. दुपारच्या वेळी धर्मशाळेच्या पडवीत बायका सुंभ वळत बसायच्या. काथ्या हातात आणि गजाली तोंडात. एके दिवशी आनंदीने माझ्यातली एक कादंबरी उचलली आणि त्यांना वाचून दाखवायला सुरुवात केली. रोज एक प्रकरण. गजाली थांबल्या, पण सुंभ दुप्पट निघू लागलं.

गोष्ट होती एका विधवेची. ती शिकते, शाळेत मास्तरीण होते आणि एक दिवस तिला एका भल्या माणसाचं पत्र येतं, 'माझ्याशी लग्न कराल का?' ती दिवा लावते, कागद घेते, उत्तर लिहायला बसते. तिथे तेरावं प्रकरण संपलं. उरलं एकच, वीस पानांचं.

"आज हितकाच," असं म्हणून आनंदीने पुस्तक मिटलं.

"गो, मिटू नको! काय लिवल्यान तिना?" हौसाबाई कळवळून म्हणाली. ही हौसाबाई बाराव्या वर्षी विधवा झालेली, आता साठीला आलेली. तिला अक्षर ओळखीचं नव्हतं. पण त्या गोष्टीतल्या बाईला ती 'आमचा चेडू', म्हणजे आमची पोर, म्हणायची.

"फाल्यां वाचतंय," आनंदी म्हणाली. तो उद्या सात वर्षांनी उजाडला.

झालं असं की त्याच संध्याकाळी गावचे प्रमुख मानकरी हरिश्चंद्रबाबा यांच्या घरी त्यांच्या मुलीला, सुगंधाला, बघायला पाहुणे आले. पडवीत सुंभ वळणाऱ्यांत तीही असे. पाहुणे गेल्यावर ती बापाला एवढंच म्हणाली, "माका इचारल्याशिवाय ठरवू नकात." बस्स. हरिश्चंद्रबाबांच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीच्या तोंडी ही भाषा आली कुठून? पुस्तकातून! सकाळी ते तरातरा आले आणि त्यांनी माझ्यातून ती कादंबरी दोन बोटांनी बाहेर काढली, मेलेला उंदीर उचलावा तशी.

"ह्यां खाडयेत बुडवा! गावातली चेडवां बिघडतत," ते गरजले.

"बाबानू, तुमी वाचलात काय ता?" दाजींनी विचारलं.

"इख खावन बघूचा लागता काय?"

पंच जमले, दिवसभर कीस काढला. त्यांतल्या एकानेही पुस्तकाचं एक पान उलटलं नव्हतं, पण मत प्रत्येकाला होतं. शेवटी आमच्याकडे ठरतं तसंच ठरलं, देवाला कौल लावायचा. माणसांचं जमलं नाही की आम्ही देवाला मधे घालतो. गुरवाने देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे फुलाच्या कळ्या लावल्या; जी आधी गळून पडेल तो देवाचा कौल. गाऱ्हाणं दाजींनीच घातलं. पुस्तक कसंही करून वाचवायचं, एवढंच बिचाऱ्यांच्या डोक्यात होतं. धर्मशाळेच्या भिंतीतून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"बा देवा म्हाराजा, ह्यां पुस्तक खाडयेत टाकूचा आसात तर डावो कौल दी, कपाटात जपून ठेवूचा आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

उजवी कळी पडली. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. पुस्तक वाचलं!

कसलं वाचलं? हरिश्चंद्रबाबा शांतपणे म्हणाले, "देवान कपाटात ठेवूक सांगल्यान. म्हंजे ता कपाटातच ऱ्हवतला. भायर काढलात तर कौल मोडलो." त्यांनी पुस्तक माझ्या वरच्या खणात सारलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या कडदोऱ्याला बांधली. बुडवू की ठेवू, एवढंच दाजींनी विचारलं होतं. वाचायला देऊ का, हे विचारायचंच राहून गेलं! आणि एकाच गोष्टीसाठी देवाला पुन्हा त्रास द्यायचा नाही, ही गावची रीत.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी वाचनालय राहिलो नाही, तुरुंग झालो. पुस्तक माझ्या पोटात होतं, पण त्यात काय लिहिलंय ते मलाही माहीत नव्हतं. मिटलेलं पुस्तक कपाटाला वाचता येत नाही. दर पावसाळ्यात माझं लाकूड फुगायचं. वाटायचं, आता तडकावं आणि तो खण उघडा पडावा. पण गंगाराम मेस्त्रीचं काम! मेल्याने सांधे इतके पक्के का बसवावेत?

दाजींनी मुंबईला पत्रं पाठवली. तो छापखाना बंद पडला होता, दुसरी प्रत कुठे मिळेना. आनंदीने दरवर्षी हरिश्चंद्रबाबांना हात जोडले. सुगंधाचं लग्न झालं, तिला न विचारताच. आणि हौसाबाई देवदर्शन आटोपून माझ्याजवळ यायची, वरच्या खणावर हात ठेवायची आणि विचारायची, "चेडवा, काय लिवलंस गो?" मी मुका. असा संताप यायचा माझाच मला!

त्रेसष्ट साली हौसाबाईने अंथरूण धरलं. आनंदीला म्हणाली, "ह्यो पावसाळो काय माका दिसणा नाय." आनंदी तिथून उठली ती थेट धर्मशाळेत. जत्रेच्या बैठकीला सगळे मानकरी जमले होते.

"बाबानू," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "देवान पुस्तक कपाटात ठेवूक सांगल्यान. ता ऱ्हवांदे कपाटात. मी भायर काढणंय नाय. पण माझा तोंड आत घालूक देवान खंय नको म्हटल्यान?"

बैठकीत हसू फुटलं. गुरव म्हणाला, "चेडू खोटा बोलणा नाय." हरिश्चंद्रबाबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यांनी रागाने किल्ली सोडून खाली टाकली.

हौसाबाईला डोलीतून आणून माझ्या पायाशी बसवलं. बायका जमल्या. आनंदी पाटावर चढली, खण उघडला आणि मान आत घातली. तिचा आवाज माझ्या अंगभर घुमला. 'तिने दिवा जवळ ओढला. लेखणी शाईत बुडवली आणि लिहिलं...'

पुढे आवाजच नाही.

माझी पाठ आंब्याच्या फळ्यांची, मित्रांनो, फणस तेवढा पुरला नव्हता. त्या फळ्यांतून वाळवी वर चढली होती, माझ्याच पाठीतून. पहिल्या दोन ओळी सोडल्या तर शेवटच्या वीस पानांची नुसती माती झाली होती. सात वर्षांत खण एकदा उघडला असता, पुस्तक एकदा झटकलं असतं, तरी वाळवी दिसली असती. जपून ठेवलं होतं ना! कुंपणानेच शेत खाल्लं, आणि ते कुंपण मी.

आनंदीने बाहेर तोंड काढलं. ती तशीच रडत उभी राहिली. हौसाबाईला कळलं. तिने माझ्या दारावरून हात फिरवला. मग म्हणाली, "जावंदे गो. वाळवीक तरी वाचूक गावला."

आठवड्याने हरिश्चंद्रबाबा एकटेच आले. माझा वरचा खण अजून तसाच सताड उघडा होता. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि हळूच दाजींना विचारलं, "काय लिवल्यान होता हो तिना?"

"आता कोण सांगतलो?" दाजी म्हणाले.

मित्रांनो, एखादं पुस्तक आवडलं नाही तर भांडा. दुसरं पुस्तक लिहून त्याला उत्तर द्या. पण आधी वाचा, आणि दुसऱ्याला वाचू द्या. आणि कपाटावर माया असेल तर त्याला कुलूप लावू नका. हौसाबाई त्या पावसाळ्यात गेली. तिला हवं होतं ते उत्तर सात वर्षं तिच्या हातापासून एका फळीच्या अंतरावर होतं, आणि ती फळी मी होतो.