ओढ्यातल्या बैठकीचे घोंगडे

मित्रांनो, मी एक जुने घोंगडे आहे. सांगोल्याकडच्या काळ्या मेंढ्यांची लोकर माझ्या अंगात आहे. चिंचोक्याची खळ पाजून मला असे कडक केले होते की, वर पाणी ओतले तरी खाली झिरपत नसे.

मैंदर्गीच्या पुढे तेव्हा एक इवलीशी जहागीर होती. तिथले कारभारी गुरुलिंगअण्णा माझे धनी. ओढ्यापलीकडे मोठ्या संस्थानचा मुलूख होता. जहागीर नि संस्थान, दोघांचे पिढीजात वाकडे.

एका साली पाऊस फिरकलाच नाही. पाणी उरले ते पलीकडच्या डोहात, आणि संस्थानने आमची गुरे अडवली. जनावरे माना टाकू लागली.

"शिपाई पाठवा," जहागीरदार आबासाहेब म्हणाले.

"सरकार, शिपाई हायेत चार. त्यातल्या दोघांना रातांधळं," अण्णा म्हणाले. "हत्तीला ढकलून सरकवता येत न्हाय. आदी त्याच्या शेजाऱ्यांना धरू."

हे शेजारी म्हणजे डोहाकाठच्या वाड्यांतले धनगर. डोहाची राखण तेच करत, म्हणून संस्थानचा अंमलदार त्यांना दुखवत नसे. अण्णा स्वतः त्यांच्याकडे गेले, पुढारी बिरप्पाच्या घरची भाकरी खाल्ली आणि त्याच्याकरवी अंमलदाराशी बैठक ठरवली. कोरड्या ओढ्यात मला अंथरले. मी निम्मे अलीकडे, निम्मे पलीकडे.

"बर्री, बर्री," अण्णांनी कानडीत सर्वांचे स्वागत केले.

तेवढ्यात घोळ झाला. अंमलदाराचा मान राखावा म्हणून आबासाहेबांनी घरून दोन खुर्च्या आणवल्या, थेट माझ्यावर मांडल्या आणि दोघे त्यांवर बसले. धनगरांत घोंगडे म्हणजे देवाची गादी; त्यावर जोडे काढून, मांडी घालूनच बसायचे. बिरप्पा उठला.

"घोंगड्यावर खुर्ची? चला रं. हितं आपलं काय काम न्हाय."

अण्णांचा चेहरा उतरला. धनगर गेले असते, तर डोहही गेला असता. आबासाहेब खुर्चीवरून उठले. जोडे काढले आणि माझ्या कडेला मांडी घालून बसले.

"बिरप्पा, चुकलं. बस की आता."

"आता कसं!" बिरप्पा खाली टेकला.

अंमलदार एकटाच उंच उरला. त्याने इकडे तिकडे पाहिले, पगडी सावरली. "सरका थोडं," तो पुटपुटला आणि खाली उतरला. बिरप्पाने शब्द टाकला आणि सकाळी आमची गुरे, दुपारनंतर त्यांची, असे ठरले. माझ्यावर बसून दिलेला शब्द त्या उन्हाळ्यात कुणी मोडला नाही.

ते दिवस आठवले की आजही ऊब येते. पुढे अण्णा गेले. त्यांची लेक दाक्षायणी मला सोलापुरात घेऊन आली. आता नवी पेठेतल्या तिच्या माळ्यावर मला कसर लागते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी पडून असेल, तर त्याला ऊन दाखवा, कडुलिंबाचा पाला घालून ठेवा. शेजाऱ्याशी बिनसले, तर ते घोंगडे अंथरा. आणि शेजारी कधी बसतो, याची वाट पाहू नका. आधी तुम्ही खाली बसा.