आप्पांच्या गाठी आणि परसातला वाटाणा

खरं सांगतो, वाटाणा मी आप्पांसाठी लावला न्हवता. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, परसात थोडी जागा मोकळी होती, दिवाळी झाल्यावर बिया टाकल्या. उगवल्या. लय भारी वाटलं.

घरात तेवढंच एक भारी चाललंतं.

आप्पा म्हंजे माझे वडील, कृष्णात. सगळं आयुष्य कबनुरात मागावर गेलं. पावसाळ्यात लकव्याचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं तर पयल्यापेक्षा वाढलं, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून. थेरपीच्या मॅडमनी रबरी बॉल दिला. "दाबत राहा काका. आत्ता बोटं चालवली नाहीत तर अशीच आखडून बसतील."

आप्पांनी बॉल गल्लीतल्या कुत्र्याला दिला.

"मी काय बारकं पोरगं हाय व्हय, बॉल खेळाय?"

आई गप बसली. ती गप बसली की समजायचं, लय भ्यालीय.

तर वाटाणा. वेल गुडघ्याएवढा झाला आणि आडवा पडाय लागला. आधाराला मी जाडजूड सळया रोवल्यात्या. पण वाटाण्याच्या वेलाला बारीक मिशा असत्यात, त्या सळईला धरंनात. घसरायच्या.

मागच्या घरातल्या सुलतानबी चाची कंपाऊंडवरनं बघत होत्या. त्यांच्या दोन मागांचा खडखडाट दिवसभर आमच्या भिंतीत असतोय.

"प्रसेन, सळईला मिठी मारंल व्हय ते? थांब." आत गेल्या आणि पिशवीभर वेस्टेज सूत घेऊन आल्या. "घे. न्हायतर फुकट जातंय."

सळयांना वर-खाली तारा ओढल्या आणि दोन तारांच्या मधे उभं सूत बांधाय बसलो. बांधलं की सुटतंय. आप्पा उन्हाला खुर्चीत चहा घेत बसलेले.

"पायजम्याची नाडी बांधतोयस?"

"बांधतोय की नीट."

"ही गाठ मागावर मारली असतीस तर शेटनं त्याच दिवशी घालवला असता तुला."

"मग या, तुमी दावा."

आई दारात थबकली. मला वाटलं आता कप येतोय अंगावर.

"आन हिकडं," आप्पा म्हणाले.

सूत डाव्या हातात धरलं. उजवा हात डाव्यानंच उचलून तारेवर ठेवला. अंगठा हलंना. शिवी दिली त्याला. परत. चहावर साय धरली. शेवटी अंगठा जरासा वळला, सूत त्याच्याखाली दबलं आणि एक गाठ बसली. ढिली. माझ्यापेक्षा ढिली.

ते आत गेल्यावर मी ती आवळाय गेलो.

"त्याला हात लावायचा न्हाय," आई म्हणाली.

रोज थोडं थोडं करत आप्पांनी अर्धी ओळ बांधली. वेल चढाय लागला. पांढरी फुलं आली.

मग एका दुपारी वारं सुटलं. पत्रे वाजाय लागले. मी घरात बसून नुसता परसाकडं बघतोय. वेलाचं काय न्हाय, परत लावता येतो. पण गाठी सुटल्या तर हा माणूस परत सुताला हात लावणार न्हाय, हे मला म्हाईत होतं.

वारं पडल्यावर आप्पाच पुढं गेले. मी मागं.

दोन-तीन गाठी सुटल्याच होत्या. पण सूत खाली पडलं न्हवतं. वेलानं मिशांचे येढे घालून ते शेजारच्या सुताला धरून ठेवलंतं. सगळी ओळ उभी.

आप्पांनी डाव्या बोटानं एक येढा चाचपून बघितला.

"मी सोडलं तरी ह्यानं धरलंय की," म्हणाले. मग म्हणाले, "सूत आन."

त्या दिवशी मारलेल्या गाठी अजून सुटल्या न्हाईत.

नंतर मॅडम आल्या.

"बॉल कुठाय काका?"

"कुत्र्याकडं."

मॅडमनी आपली बोटं त्यांच्या हातात दिली. "दाबा बघू." आप्पांनी दाबली. मॅडमनी कळ लागून तोंड वाकडं केलं, हात सोडवून घेतला. "हे कशानं झालं?"

"वाटाण्यानं," आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसत आत गेली. पावसाळ्यापास्नं तिला हसताना बघितलंच न्हवतं.

शेंगा भरल्या. पयली वाटी चाचींना. दाणे आप्पांनीच सोलले, उजव्या अंगठ्यानं शेंग फोडून. निम्मे खुर्चीखाली गेले. ते मी येचले, कुणाला सांगितलं न्हाय.

वाटी संध्याकाळी परत आली. रिकामी कशी पाठवायची म्हणून चाचींनी त्यात सुताचं बंडल घातलेलं.

मी आभार मानाय गेलो तर म्हणाल्या, "येडा हाईस का? चल, मागाकडं बघू दे मला." वेलाचे आभार मानावेत तर त्याला सांगून कळत न्हाय. त्याला पाणी घातलं, जरा जास्तच.

परत आलो तवा आप्पांनी सुताचं टोक उजव्या चिमटीत धरलंतं. ओढून बघत होते, मागावर बघायचे तसं.

"चांगलं हाय," म्हणाले. "आता ह्याच्यावर काय चढवायचं?"