लोळीच्या नावाची बोंब

आमच्या तबेल्यात नावं ठेवायला सगळेच तयार असतात, नाव ठेवायला मात्र अक्कल लागते. शर्यतीच्या घोड्याचं नाव कागदावर छान दिसून भागत नाही. ते धावत्या तोंडातून बाहेर पडावं लागतं. माझे आजोबा पूर्वी शर्यतींचं धावतं वर्णन करायचे. एका हौशी मालकाने म्हणे घोड्याचं नाव 'महापराक्रमी विजयध्वजधारी' ठेवलं होतं. आजोबांनी ते पुरतं उच्चारलं तोवर शर्यत संपून घोडे गवत खात होते. आजोबा थोडं वाढवून सांगतात, पण थोडंच.

तेव्हापासून आमच्याकडे कठड्याची परीक्षा असते. आई ट्रेनर आहे. तिच्या हाताखालच्या कुठल्याही घोड्याचं नाव नोंदणीला पाठवण्याआधी, ज्याने ते सुचवलं त्याने सकाळच्या सरावाला मैदानाच्या कठड्याशी उभं राहायचं. घोडे शेवटच्या वळणावरून येऊ लागले की ते नाव खच्चून ओरडायचं, समोरून घोडे निघून जाईपर्यंत. जीभ अडखळली की नाव बाद. 'सासूबाई आल्या' ही घोडी पहिल्या फटक्यात पास झाली. ती वळणावर दिसली की आख्खं मैदान तिच्या नावाने ओरडत उठून उभं राहतं. 'साहेब मीटिंगमध्ये' पण पास झाला. 'उद्या नक्की'सुद्धा झाला, फक्त तो अजून एकही शर्यत जिंकलेला नाही.

आणि लोळी. लोळी हे तिचं घरचं नाव, कारण उभी असण्यापेक्षा ती लोळलेलीच जास्त. तपकिरी रंग, कपाळावर पांढरा ठिपका, आणि सरावात कायम शेवटची. माझी सगळ्यांत लाडकी तीच. रोज शाळेआधी मी खिशात गाजरं घेऊन तिच्या खणात जाते आणि गवतात तिला टेकून बसते. आई अंगणातून ओरडते, "शाळेची वेळ झाली." मी म्हणते, "अजून पाच मिनिटं," आणि शेवटचं गाजर तिला देते. शेवटचं गाजर तेव्हाच द्यायचं, असं आमचं ठरलेलंच.

लोळीच्या मालकीणबाई दातांच्या डॉक्टर. मनाने चांगल्या, पण नावांच्या बाबतीत त्यांना कुणी आवरू शकत नाही. त्यांनी परस्पर पाठवलेली दोन नावं नोंदणीत नाकारली गेली होती. एक आधीच दुसऱ्या घोडीचं होतं आणि दुसरं मापापेक्षा लांब. नाव नाही तर शर्यत नाही. नावं देण्याच्या शेवटच्या दिवशी त्या सकाळी सकाळी तबेल्यात हजर झाल्या.

"आज जमलं नाही, तर हिला मी विकणार," त्या आईला म्हणाल्या. "नाव लागत नाही, पाय उचलत नाही. घोडी आहे की गादी?"

लोळी दुसऱ्या कुणाच्या तबेल्यात गेली तर तिला गवतात टेकून कोण बसणार?

"चला कठड्याशी," आजोबा म्हणाले. "नाव काय आणलंय?"

"स्वर्णस्वप्नस्वामिनी."

आजोबांनी डोळे मिटून घेतले.

घोडे वळणावर दिसले. लोळी सवयीप्रमाणे मागे, जॉकी तिच्या पाठीवर बसची वाट बघत असल्यासारखा. डॉक्टरबाईंनी पदर खोचला, श्वास घेतला. "स्वर्णस्वप्न... स्वप्नस्वर... स्वर्णस्वा..."

"बाई, दात सांभाळा," बाबा म्हणाले. बाबा घोड्यांना नाल ठोकतात आणि बोलतातही तसंच.

डॉक्टरबाई स्वतःच हसायला लागल्या. "मग तुम्ही सुचवा कुणीतरी."

घोडे दुसऱ्या फेरीला गेले. मी म्हटलं, "माझ्याकडे एक आहे."

सगळे वळले. मी शेवटच्या बाकावरची मुलगी. वर्गात उत्तर दिलं की बाई म्हणतात, "उत्तर दे, गुपित सांगू नकोस." आजोबा माझ्या कानाशी आले. "आवाज पोटातून काढ," ते म्हणाले. "घशातून काढलास तर कोंबडीसारखा येईल."

घोडे वळणावर आले. मी कठडा घट्ट धरला आणि लोळीकडे बघून ओरडले, "अजून पाच मिनिटं!"

लोळीचे कान ताठ झाले. मी पुन्हा ओरडले. तिने मान लांब केली आणि जी सुटली, ती सुटलीच. 'उद्या नक्की' मागे पडला, 'सासूबाई' मागे पडल्या, जॉकीची टोपी उडाली. सगळ्यांना मागे टाकून ती थेट माझ्यासमोर येऊन थांबली आणि कठड्यावरून मान घालून माझा खिसा हुंगू लागली.

आईने हातातल्या घड्याळाकडे बघितलं. मग ते हलवून, कानाला लावून बघितलं.

"हिला ब्रेक आहेत का?" जॉकीने विचारलं.

"आजवर इंजिन आहे हेच माहीत नव्हतं," आई म्हणाली.

मी गाजराची भानगड सांगितली. डॉक्टरबाई ऐकून घेत होत्या, तोवर आजोबा नोंदणीला फोन लावून मोकळे झाले होते. त्या दिवशी शाळेत मी "हजर" म्हटलं, तर शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावून गेलं.

शर्यतीच्या दिवशी आईने मला विजयरेषेच्या बरंच पुढे उभं केलं. "अलीकडे उभी राहिलीस तर ही अलीकडेच थांबेल," ती म्हणाली. दप्तरात गाजरं होती. खरं तर मला ओरडायची गरजच पडली नाही.

फाटक उघडलं आणि लोळी जांभई दिल्यासारखी बाहेर आली. भोंग्यातून नवा निवेदक म्हणाला, "आणि सर्वांत शेवटी, अजून पाच मिनिटं." लोक खो खो हसले. लोळीने कान टवकारले. एक घोडा मागे पडला. निवेदकाला सांगावंच लागलं, "अजून पाच मिनिटं एक जागा पुढे." झालं. ती पुढे गेली की त्याला नाव घ्यावं लागे, नाव घेतलं की ती आणखी पुढे जाई. शेवटच्या वळणावर तर बिचाऱ्याच्या तोंडात दुसरं काही उरलंच नाही. आख्खं मैदान उभं राहून पाच मिनिटं मागत होतं, आजोबा सगळ्यांच्या वरच्या पट्टीत, आणि माझी लोळी एकटी, सगळ्यांच्या पुढे, रेषा ओलांडून, न थांबता, माझ्यापर्यंत.

बक्षिसाच्या फोटोत तिचं तोंड दिसत नाही. ते माझ्या दप्तरात आहे.

"हिला विकायचं कोण म्हणत होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तुम्हीच," बाबा म्हणाले.

"मी दुसऱ्या कुठल्यातरी घोडीबद्दल बोलत असेन," त्या म्हणाल्या आणि मला मिठी मारली. लोळीच्या धाकट्या भावाचं नावही मीच ठेवायचं, असं तिथल्या तिथे ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठवायला आली. मैदानासोबत ओरडून माझा घसा पार बसला होता, तरी पांघरुणातून मी म्हटलं, "अजून पाच मिनिटं."

अंगणापलीकडे तबेल्याच्या दारावर धाडकन लाथ बसली.