बुधवारचं विणकाम

मास्तरांनी गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला शिकवली होती. डॉक्टर, पोस्टमन, दोन पाद्री आणि एक ऐंशी वर्षांची आजीबाई. सगळे त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या शिव्या खाऊन, शेवटी पास झाले होते. फक्त एकाच माणसाला त्यांना शिकवता आलं नव्हतं, त्यांच्या बायकोला. लग्नानंतर त्यांनी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा चौथ्या दिवशी ती रस्त्यातच गाडीतून उतरून पायी घरी गेली. दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणायचे आणि मास्तरही हसून मान डोलवायचे.

लग्नाला बावीस वर्षं झाली म्हणून दोघं आठवडाभर समुद्राकाठच्या रस्त्याने फिरायला निघाली होती. पाचव्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. साधासुधा नव्हे, समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं तेही कळू नये असा. तरी एका धक्क्याजवळ मास्तरांनी गाडी थांबवली. "पावसातला समुद्र बघायचा असतो," असं म्हणत ते शेवाळलेल्या पायऱ्या उतरायला लागले, आणि चौथ्या पायरीवर पाय असा सटकला की उजव्या मनगटावर सगळा भार आला. घड्याळ फुटलं आणि मनगट बघता बघता वांग्यासारखं सुजलं.

बायकोने रुमाल बांधला. मुक्कामाची खोली अजून साठ किलोमीटर पुढे होती.

"कुणाला तरी फोन करू," मास्तर म्हणाले. "गाडी ओढून न्यायला येतील."

"किल्ली द्या."

"काय?"

"किल्ली द्या म्हटलं."

त्यांना वाटलं, ती डिकीतून छत्री काढणार. पण ती पावसात गाडीभोवती एक चक्कर मारून आली. चारही चाकांकडे वाकून पाहिलं, मागच्या दिव्यावरचा चिखल हाताने पुसला. मग स्टिअरिंगमागे बसली, सीट पुढे घेतली, आरसे लावले, पट्टा बांधला आणि गाडी रस्त्यावर अशी अलगद आणली की मास्तरांना क्लच सुटल्याचंही कळलं नाही.

ते थक्क झाले खरे, पण कौतुक वाटायच्या आतच मनात पाल चुकचुकली. गाडीभोवतीची ती प्रदक्षिणा! त्यांच्या शाळेसमोर, रस्त्याच्या पलीकडे दुसरी ड्रायव्हिंग शाळा होती. तिथला मालक ढगाळ हवेतही काळा चष्मा लावायचा, म्हणून मास्तर त्याला 'गॉगल' म्हणायचे. गॉगल प्रत्येक विद्यार्थ्याला आधी गाडीभोवती फिरवायचा. "घोडा विकत घेतोय की काय!" असं म्हणत मास्तर पंधरा वर्षं ते बघून नाक मुरडत आले होते.

पहिलं वळण आलं. बायको तोंडातल्या तोंडात म्हणाली, "हलकेच, हलकेच."

हेही त्याचंच. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

"किती महिने?" मास्तरांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"सात."

"कधी?"

"बुधवारी. तुम्ही परीक्षेच्या पोरांना घेऊन जायचात तेव्हा."

"बुधवारी तू विणकामाच्या क्लासला जायचीस."

वायपर इकडून तिकडे जात राहिला. मास्तरांनी हळूच खाली पाहिलं. अंगात निळा स्वेटर होता. गेल्या थंडीत तिने दिला होता, तिचा पहिला. येईल-जाईल त्याला त्यांनी तो दाखवला होता.

"मग हा?"

"विकत आणला," ती म्हणाली. "लेबल कापून टाकलं."

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. एका हाताने खेचाखेच करत त्यांनी स्वेटर डोक्यावरून काढला आणि मागच्या सीटवर भिरकावला. दहा मिनिटांत थंडीने दातावर दात वाजायला लागले, पण मागितला नाही.

चहासाठी एका टपरीवजा हॉटेलापाशी थांबले. बायको तोंड धुवायला गेली तशी मास्तरांनी डाव्या हाताने गॉगलला फोन लावला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. पलीकडून घाईघाईचा आवाज आला, "मास्तर? तुम्ही? वहिनी बऱ्या आहेत ना?"

आधी वहिनी! मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"गाडी चालवतेय ती," ते म्हणाले. "इकडे पाऊस आहे."

"मग काळजी नको! ओल्या रस्त्यावर माझ्यापेक्षा त्यांचा हात चांगला आहे. म्हणून तर म्हटलं, एक तारखेपासून आमच्याकडे शिकवायला या. बायकांना बाईच शिकवायला हवी असते हो. त्या बोलल्या असतीलच तुम्हाला."

"बोलली ना," मास्तर म्हणाले. "सगळं बोलली." आणि फोन ठेवला.

चहा कडू लागला. बायको समोर येऊन बसली, त्यांच्या कपात तिने दुसरा चमचा साखर घातली. कोणत्या खुर्चीवर बसवत असेल तो तिला? चहा कोण करत असेल? तीही त्याच्या कपात अशीच साखर घालत असेल का?

पुढचा रस्ता समुद्राला अगदी लागून होता. एका ठिकाणी लाटा कठडा ओलांडून थेट रस्त्यावर आपटत होत्या. मास्तरांचा पाय खाली आपोआप दाबला गेला, पण ही घरची गाडी, त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता.

"थांब! मागे घे! अगं मागे घे, मूर्ख!"

तिने गाडी थांबवली. शांतपणे हँडब्रेक ओढला.

"पुन्हा ओरडलात तर किल्ली समुद्रात टाकीन."

मग ती नुसती बघत बसली. एक लाट, दुसरी, तिसरी. तिसरी सर्वांत मोठी यायची आणि मग थोडी उसंत मिळायची. दोन वेळा तिने ते पारखून घेतलं. तिसऱ्यांदा मोठी लाट ओसरली तशी पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत, पाणी न उडवता ती पार झाली. मास्तर परीक्षक असते तर पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळे झाले असते. हेच जास्त झोंबलं.

"एवढं काय शिकवलं त्याने?" ते म्हणाले. "माझ्यात काय कमी होतं?"

"पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते? ट्रकची, चढाची, कशाची?"

"मग?"

"मी म्हटलं, नवऱ्याच्या आवाजाची."

मास्तर खिडकीकडे वळले. काचेवर धुकं होतं, बाहेर काही दिसत नव्हतं.

"आणि नोकरीचं?" काचेकडे बघतच त्यांनी विचारलं.

तिने चमकून पाहिलं, मग परत रस्त्याकडे. "फोन केलात होय त्यांना? हो म्हटलंय मी. याच सहलीत सांगणार होते. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज तुम्ही इतके खूश असायचात."

"माझ्याकडे ये ना. मीही बायकांचा वर्ग काढतो."

"तुमच्याकडे मी बायकोच राहीन हो. डबा आणलास का विचाराल, चार विद्यार्थ्यांसमोर. तिकडे मी कामाला जाईन."

"आणि तो गॉगल? तो... बरा वागतो?"

"त्यांच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही," ती म्हणाली. "ऑपरेशन झालंय. पंधरा वर्षं समोर असून हे तुम्हाला माहीत नाही. बरे वागतात. बायकोचा डबा खातात आणि दुपारी घोरतात. अजून काय हवंय?"

मास्तरांना बरंच काही हवं होतं. सात महिन्यांचे सगळे बुधवार परत हवे होते. पण ते मागायचे कुणाकडे?

मुक्कामाचं घर टेकडीवर होतं, चढ निसरडा. बायको एका दमात वर गेली आणि भिंत व झाडाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गाडी मागे घेत लावली. घरमालकीण छत्री घेऊन दारात आली होती. तिने एकदा मास्तरांच्या बांधलेल्या मनगटाकडे पाहिलं आणि एकदा बायकोकडे.

"या पावसात तुम्ही चालवत आलात? आज चार गाड्या खालूनच परत गेल्या! कुणी शिकवलं हो?"

बायको डिकीतून बॅगा काढत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले.

मास्तरांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. मास्तर आहे मी, आणखी कोण शिकवणार? एवढंच म्हणायचं होतं. ती खोडून काढणार नाही, हेही त्यांना माहीत होतं.

"आमच्या शाळेसमोर एक जण आहे," ते म्हणाले. "त्याने. चांगला शिकवतो."

घरमालकीण "अस्सं" म्हणून आत वळली. मास्तरांनी डाव्या हाताने जड बॅग उचलली, बायको नको म्हणत असतानाही, आणि कुणाशी न बोलता पायऱ्या चढायला लागले.